अनुमोदकाचं नाव

११ मार्च
अँटलर फोर्क, वायोमिंग

प्रिय गार्थ,

अधिवेशन संपवून तू शनिवारी घरी आलास असं कळलं. गुरुवारचा पेपर मार्लिसने तुझ्यासाठी ठेवला असणार, तेव्हा बातमी मी सांगायला नको. दुसऱ्या पानावर, गुरांच्या बाजारभावाच्या वर, चार ओळी आहेत. आपल्या काउंटीच्या रिपब्लिकन समितीत आमदार गार्थ ओस्टरहाउट यांच्या निषेधाचा ठराव मांडण्यात आला. सूचक वेंडेल टिबेट्स. अनुमोदक जनेल प्रॅट.

वाचताना मलाही क्षणभर वाटलं, ही कोण बाई.

मी फोन केला होता. मार्लिस चांगल्या बायकोसारखी म्हणाली, तो आंघोळीला गेलाय. संध्याकाळी पुन्हा केला, तेव्हाही आंघोळ. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आंघोळ. इतकी आंघोळ तू लहानपणी केली असतीस तर आईचे कष्ट वाचले असते. म्हणून लिहिते आहे. कागद तरी तू उचलशील, दाराआड उभं राहून का होईना.

झालं ते असं. आपल्या सभा कशा असतात ते तुला ठाऊक आहे. अग्निशमन केंद्राचा हॉल, घडीच्या खुर्च्या, चिलीचं पातेलं आणि दालचिनी रोल. मी नेहमीसारखी मागच्या टेबलापाशी रोल सुरीने सुटे करत होते. कुणी काही सूचना मांडली, अगदी हॉलचे दिवे बदलण्याची का असेना, की लगेच ती शांतता पसरते. अध्यक्षबाई विचारतात, अनुमोदन? आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागतात, जणू तोंड उघडलं तर कर बसेल. बाबा अध्यक्ष होते तेव्हा अशा वेळी ते माझ्याकडे बघायचे. मी एकोणीस वर्षांची होते. मी म्हणायचे, अनुमोदन, आणि सभा पुढे सरकायची. तेव्हापासून ते काम माझंच आहे. बाबा गेले तरी माझंच.

त्या दिवशी टिबेट्स बोलत होते. खासगी शाळेच्या फीला सरकारी अनुदान देणाऱ्या शाळानिवडीच्या विधेयकाविरुद्ध मत देऊन तू पक्षाच्या जाहीरनाम्याशी, आईबापांच्या हक्काशी आणि आणखी कशाकशाशी दगा केलास, असं. मग ती शांतता झाली. आणि मी म्हटलं, अनुमोदन.

सगळ्या माना मागे वळल्या. टिबेट्सनी तर टोपीच काढली.

सवय होती, गार्थ. दुसरं काही नाही. शिवाय अनुमोदन म्हणजे होकार नव्हे, हे आपल्याला बाबांनीच शिकवलं होतं. एका माणसाचं म्हणणं निदान चर्चेला घेण्यासारखं आहे, असं दुसऱ्या एकाने म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ. मी सभेनंतर अध्यक्षबाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे, जनेल. पण पेपरवाल्याला ते कोण समजावणार?"

मतदान एप्रिलच्या सभेत आहे. ज्याच्यावर ठराव आहे त्याचं म्हणणं आधी ऐकायचं, हा बाबांचा नियम टिबेट्सनीही मान्य केला. तेव्हा तू ये. नक्की ये.

एकच विचारायचं होतं. विधेयक एका मताने पडलं. ते मत देण्याआधी तू मला फोन का केला नाहीस? फोनच्या दुसऱ्या टोकाला मी होतेच. चर्चच्या तळघरातल्या आमच्या शाळेत, तीन इयत्तांची पोरं एका खोलीत घेऊन बसलेली असते मी, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? ते अनुदान आलं असतं तर आईबापांना फी परवडली असती. पास्टर लायल म्हणतात, पुढच्या हिवाळ्यात तळघर गरम ठेवणंही जमायचं नाही.

पण हे या पत्रात लिहायचं नव्हतं.

तुझी बहीण,
जनेल


२३ मार्च

प्रिय गार्थ,

काल तू आमच्याकडे आलास आणि तरी आला नाहीस. म्हणून परत लिहिते.

पहिलटकरीण कालवड अडली आणि जवळपास गुरांचा डॉक्टर तूच, म्हणून कर्टिसने तुला फोन केला. मी म्हटलं, तो यायचा नाही. कर्टिस म्हणाला, "तो आपल्यासाठी नाही, गायीसाठी येईल." तसंच झालं. तू गाडीतून उतरलास, टोपीला हात लावलास, पण कर्टिसकडे पाहून. मी तिथेच होते.

"तुझ्या बायकोला सांग, कोमट पाणी लागेल. दोन बादल्या."

कर्टिस माझ्याकडे वळला. "जनेल, दोन बादल्या."

"ऐकू आलं मला."

"तिला ऐकू आलं," त्याने तुला कळवलं. त्याला मजा येत होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला पहिल्यांदाच आपल्या दोघांच्या मधे बोलायची संधी मिळाली होती.

मग तू खांद्यापर्यंत हात आत घातलास, डोळे मिटून चाचपलंस. "वासरू उलटं आहे. पोट कापावं लागेल." आणि वर न बघता म्हणालास, "सूचना मांडतो. अनुमोदन आहे का कुणाचं?"

कर्टिस भिंतीला टेकून हसला. मीही हसले, दुसरी बादली आणायला गेले तेव्हा, पंपापाशी, एकटीच. तुला दिसू द्यायचं नव्हतं.

पण पोट उघडल्यावर तुला दोन हात कमी पडले. कर्टिसला रक्त बघवत नाही, हे त्याने लग्नानंतर सांगितलं होतं. तू म्हणालास, "पकड. वर धर. अजून वर." ते तू मला म्हणालास. जानेवारीपासून तू माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मी ती गरम, निसरडी पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी होते आणि मला वाटत होतं, हे संपू नये. वासरू जगलं. तू त्याच्या नाकात काडी घातलीस, ते शिंकलं. तू हसलास. मग माझी आठवण झाली आणि हसू आवरलंस.

नळाशी हात धुताना मी विचारलं, "मत देण्याआधी फोन का नाही केलास?"

"केला असता तर तू काय म्हणाली असतीस?"

"हो म्हण, म्हणाले असते."

"म्हणूनच."

हे उत्तर झालं का, गार्थ? मी कालपासून ते घोळवते आहे. तू मला टाळलंस, की माझ्यापुढे तुझं मन डळमळलं असतं म्हणून स्वतःलाच टाळलंस?

पुढचं सगळं मला तोंडपाठ आहे, कारण आपण दोघंही बाबांच्याच आवाजात बोलत होतो. तू म्हणालास, "सरकारचा पैसा एकटा येत नाही. मागून सरकारचा माणूस येतो, कागद घेऊन. आज चेक येईल. उद्या तुझ्या तळघरात काय शिकवायचं ते चेयेनला राजधानीत ठरेल. परवा वॉशिंग्टनला."

मी म्हटलं, "तो सरकारचा पैसा नाहीच. माझ्या पोरांचे आईबाप कर भरतात त्या शाळेसाठी, जिथे त्यांची पोरं जात नाहीत. त्यांचंच त्यांना परत द्या, एवढंच."

"मग कर कमी करा म्हण. चेक कशाला मागतेस?"

याचं उत्तर मला नेहमीप्रमाणे भांडी घासताना सुचलं. कर कमी करायचं विधेयक आलं तेव्हा रस्त्यांना पैसे पुरणार नाहीत म्हणून विरोध करणारा तूच होतास. लिहून ठेवते, म्हणजे तुझ्याकडे पोचेल.

आणि ती बस. तू म्हणालास, गावच्या सरकारी शाळेतली पोरं तुमच्या तळघरांमध्ये गेली की शाळेच्या पिवळ्या बसचा सगळ्यात लांबचा मार्ग आधी बंद होणार. त्या शेवटच्या कुरणातल्या पोरांनी काय करायचं? मी म्हटलं, त्यांच्या आयांनी शिकवावं. तू हात पुसत म्हणालास, "सगळ्या आया जनेल नसतात."

हे कौतुक होतं की टोमणा? कर्टिस म्हणतो कौतुक. पण कर्टिसला सगळंच कौतुक वाटतं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, आपल्याकडे सगळे एकच विचार करतात. टीव्हीवर नकाशात आपण सगळे पक्षाच्या एकाच लाल रंगात रंगवलेले. माझ्या एकटीच्या डोक्यात त्या लाल रंगाच्या किती छटा एकमेकींशी भांडतात ते त्यांना कुठे माहीत. बाबा असते तर कुणाच्या बाजूने असते? मी रोज ठरवते आणि रोज बदलते. सरकारचा हात घरात शिरू देऊ नका, हे बाबांचं. आईबापांच्या आड सरकारने येऊ नये, हेही बाबांचंच. दोन्ही वाक्यं ते एकाच दमात म्हणायचे, आणि आपल्याला ती एकच वाटायची.

वासरू पितं आहे. गाय टाक्यांना चाटते, पण ते तू सांगितलंच होतंस.

जनेल


७ एप्रिल

गार्थ,

ईस्टरच्या पहाटेच्या प्रार्थनेला तू टेकडीवर आला नाहीस. मार्लिस आली, दूर उभी राहिली, बर्फ भुरभुरत होता म्हणून लवकर गेली. मी तिच्याकडे जाणार होते, पण मला लोकांनी गाठलं.

मला हल्ली लोक गाठतात. काय सांगू. माझा हात दोन्ही हातांत धरतात. "फार हिंमत लागते, जनेल." "तुझ्यासारखे चार असते तर देश असा झाला नसता." रेडिओवरचा तो सकाळचा माणूस, ज्याला तू भोंगा म्हणतोस, त्याने माझं नाव न घेता सांगितलं की वायोमिंगच्या एका लहानशा काउंटीत एका बहिणीने रक्तापेक्षा तत्त्व मोठं मानलं. कर्टिसने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इतका तो हसला. "दालचिनी रोलपेक्षा तत्त्व मोठं," तो म्हणाला.

मी आता कुणालाही सांगत नाही की ती सवय होती. आधी सांगायचे, मग सांगेनाशी झाले. खरं लिहायचं तर मला ते आवडलं, गार्थ. आयुष्यभर मी तुझी बहीण, बाबांची मुलगी, मागच्या टेबलावरची बाई. पहिल्यांदाच लोक मला माझ्या नावाने ओळखत होते. ते नाव तुझ्याविरुद्ध लिहिलेलं होतं म्हणून ओळखत होते, हे मला कळतं. तरी आवडलं.

सोमवारी टिबेट्स घरी आले. बायकोने केलेला मुरंबा घेऊन आले, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"तुझ्या वडिलांनी मला या पक्षात आणलं," ते म्हणाले. "त्याआधी मी डेमोक्रॅट होतो. लोकांना सांगू नकोस."

"सगळ्यांना माहीत आहे, मिस्टर टिबेट्स."

"हं. तर ऑगस्टमध्ये तू उभी राहा."

"कुठे?" मी विचारलं. खरंच विचारलं. मला वाटलं, जत्रेतल्या एखाद्या टेबलापाशी.

"गार्थच्या जागेसाठी."

मी त्यांना कॉफी ओतत होते, ती बशीत सांडली. आपल्याकडे ऑगस्टमध्ये पक्षातल्या पक्षात जो जिंकला तोच आमदार, नोव्हेंबरची निवडणूक नुसती नावाला. म्हणजे ते मला तुझी खुर्ची देऊ करत होते, मुरंब्यासोबत.

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते म्हणाले, "माझी नात घराबाहेर बोलत नव्हती. गावच्या शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवून ठेवलं होतं, बिचारे तरी काय करणार, पोरं किती. तुझ्या तळघरात ती बोलायला लागली. परवा तिने मला फोनवर ओरडून सांगितलं की आजोबा, तुम्ही फार बोलता. त्या पोरीच्या वाटेत जो येईल त्याला मी घरी पाठवणार. तो तुझा भाऊ असो नाहीतर माझा."

मी त्या पोरीला ओळखते. माझ्या मांडीवर बसून तिने पहिला शब्द वाचला आहे. तू तिला ओळखत नाहीस, म्हणून तुला ते मत देणं सोपं गेलं, असं मला वाटलं. मग वाटलं, बसच्या शेवटच्या थांब्यावरच्या पोरांना मी ओळखत नाही, म्हणून मला ते मत मागणं सोपं जातं आहे.

मी म्हटलं, "मी प्रार्थना करते यावर."

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सभ्य माणसाने सभ्य माणसाला दिलेला नकार. पण टिबेट्स टोपी घालत म्हणाले, "एवढंच हवं होतं," आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कर्टिसला पशुखाद्याच्या दुकानात तिघांनी सांगितलं की तुझी बायको उभी राहते आहे.

"तू निवडून आलीस तर हिवाळाभर माझं जेवण कोण करणार?" कर्टिस म्हणाला.

"तू."

"मग माझं मत गार्थला." थोड्या वेळाने, हसू न येऊ देता, तो म्हणाला, "उभी राहिलीस तर तू जिंकशील. माहीत आहे ना तुला?"

मी ताटं पुसत राहिले. मला माहीत होतं.

म्हणून हे लिहिते. तू मला नको म्हण. फोन करून तेवढंच म्हण, मी ऐकेन. किंवा म्हण, उभी राहा, बघू कोण जिंकतं, तेही ऐकेन. तू काहीच म्हणत नाहीस तेव्हा मला फक्त माझंच बोलणं ऐकू येतं, आणि मी काय म्हणते आहे ते मला समजत नाही.

जनेल


२२ एप्रिल

प्रिय गार्थ,

तू गेल्यानंतर काय झालं ते तुला कुणीतरी चुकीचं सांगेल, त्याआधी मी सांगते.

तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास, पहिल्या रांगेत बसलास, माझ्याकडे पाठ करून. तुझी मान उन्हाने भाजलेली होती. बोलायची वेळ आली तेव्हा उठलास आणि फार थोडं बोललास. "निवडून येताना मी तुम्हाला एकच वचन दिलं होतं, सरकार लहान ठेवीन. तुम्हाला हवं तेव्हा लहान आणि हवं तेव्हा मोठं, असं वचन मी दिलं नव्हतं. आता तुमचं तुम्ही ठरवा." आणि बसलास. चांगलं बोललास. मला ते पटलं नाही आणि चांगलं वाटलं, दोन्ही.

मग मी हात वर केला. मी चार दिवस तयारी केली होती. मला म्हणायचं होतं, माझा भाऊ चुकला आहे, पण त्याने भीतीने किंवा लाभासाठी मत दिलं नाही, आणि विचार करून वेगळं मत देणाऱ्याला आपण बाहेर काढू लागलो तर या खोलीत फक्त खुर्च्या उरतील. असं लांब वाक्य होतं ते. आरशासमोर छान जमत होतं.

मी म्हटलं, "माझा भाऊ चुकला आहे."

आणि टाळ्या सुरू झाल्या.

आधी टिबेट्स, मग त्यांच्या मागची रांग, मग सगळा हॉल. मी थांबले, टाळ्या थांबल्या की पुढचं बोलू म्हणून. तोंड उघडंच होतं माझं. त्यात तू टोपी उचललीस. मी तुझी पाठ बघत होते, आणि त्या दाराची स्प्रिंग वाजली. मी हाक मारली का? मारली असेल. टाळ्यांमध्ये मलाच ऐकू आली नाही.

उरलेलं वाक्य मी बोलले, गार्थ. सगळं बोलले. लोकांनी ते ऐकूनही घेतलं, हवामानाचा अंदाज ऐकतात तसं.

मग उभं राहून मतदान. बाजूचे उठले, बसले. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, विरोधात असलेल्यांनी उभं राहावं. मी उभीच होते. भाषणानंतर मी बसलेच नव्हते. आता मी उभी आहे ती मत द्यायला, की पाय हलत नाहीत म्हणून, ते त्या क्षणीही मला सांगता आलं नसतं. पण मी बसले नाही. एवढं मात्र मी केलं. माझ्यासोबत शाळेच्या बसचे ड्रायव्हर उभे होते आणि म्हाताऱ्या मिसेस व्हँडिव्हर, पण त्या तर प्रत्येक गोष्टीच्या विरोधात उभ्या राहतात, हॉलच्या दिव्यांच्यासुद्धा.

ठराव मंजूर झाला. पक्ष आता तुझ्या प्रचाराला काही देणार नाही, मंचावर बोलावणार नाही. पेपरात एवढंच छापून येईल. कोण उभं होतं ते छापत नाहीत.

आणखी एक. मार्चमध्ये मी तुला लिहिलं होतं की ती सवय होती. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. मागच्या सभेचा वृत्तांत मंजूर करताना मी अनुमोदन म्हणते तेव्हा हातातलं काम थांबवत नाही. त्या दिवशी टिबेट्सनी तुझं नाव घेतलं तेव्हा मी सुरी खाली ठेवली होती. आठवतं आहे मला, पुसून ठेवली होती. सुरी ठेवली म्हणजे मी ऐकत होते. ऐकत होते म्हणजे मला कळत होतं. मग सवय कुठे राहिली? पण राग होता म्हणावं तर तोही आठवत नाही. आठवते ती फक्त ती शांतता, आणि आता कुणीतरी बोलायलाच हवं असं वाटलेलं.

सवय होती, असं मी यापुढे कुणाला सांगणार नाही. काय होतं ते मला माहीत नाही.

तुझी,
जनेल


२८ मे

गार्थ,

कर्टिस आत्ता तुमच्याकडच्या वासरांच्या डागणीवरून परत आला, केसांत धूर आणि शर्टावर शेण घेऊन, आणि बूट न काढता स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. म्हणाला, "गार्थने उमेदवारीचा अर्ज भरला नाही अजून."

मी म्हटलं, उद्याचा शेवटचा दिवस आहे.

"त्याला माहीत आहे. म्हणाला, बहिणीविरुद्ध उभा राहणार नाही. ती उभी राहणार असेल तर मी कुरणात बरा."

मी खुर्चीत बसले. कर्टिसला विचारलं, तू त्याला सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "मला वाटलं तू सांगितलंस. इतकी पत्रं लिहितेस."

गार्थ, मी उभी राहत नाही आहे. टिबेट्सना मी स्पष्ट नाही म्हटलं, आईच्या वार्षिक स्मरणाच्या रविवारी, चर्चच्या पायऱ्यांवर, दहा जणांच्या देखत. त्यांनी मान हलवली आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मला वाटलं, आता गावभर होईल. प्रार्थना करते म्हटलं होतं ते दुसऱ्या दिवशीच काउंटीच्या टोकाला पोचलं होतं, आणि साध्या शब्दांत नाही म्हटलं ते कुणी कुणाला सांगितलं नाही. आणि मीही तुला लिहिलं नाही, कारण एप्रिलच्या पत्रानंतर तुझ्याकडून काही येईल अशी वाट बघत होते. तुझी पाळी होती. आपल्या घरात पाळीवरून काय काय अडून बसलं आहे, देव जाणे.

टिबेट्सनी त्यांच्या पुतण्याचा अर्ज भरून घेतला आहे. ड्वेन. सभेला तो कधी आलेला मला आठवत नाही. त्याला अनुदान हवं आहे का, मी विचारलं, दुकानात भेटला तेव्हा. म्हणाला, "हवं ना. जे काय असेल ते." माझ्या पोरांसाठी तो मत देईल, म्हणजे माझ्या बाजूचाच म्हणायचा तो. आणि मला त्याच्यासमोर उभं राहून तुझी आठवण आली. तू निदान मला उत्तर देतोस. नळाशी हात धुताना का होईना.

शाळा बंद झाली. शुक्रवारी शेवटचा दिवस होता, पोरांनी मैदानात सॉसेज खाल्ले, पास्टर लायलनी बाकं तळघरातून वर आणली. ती पायऱ्यांवर आडवी अडकत होती. टिबेट्सची नात म्हणाली, मिसेस प्रॅट, तुम्ही पुढच्या वर्षी कुठे असणार? मी म्हटलं, बघू. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला वाचनाचे तास घेशील का म्हणून विचारलं आहे. तू वाचवलेली शाळा. मी अजून उत्तर दिलं नाही. गेले तर हरले असं होईल का? न गेले तर ती पोरगी पुन्हा शेवटच्या बाकावर बसेल. सकाळी मला एक वाटतं, दुपारी दुसरं.

तू चुकलास, असं मला आजही वाटतं. तुझ्यामुळे माझी शाळा गेली, हे मी विसरणार नाही, आणि विसरले असं दाखवणारही नाही. आणि ऑगस्टमध्ये मी तुलाच मत देईन. या दोन गोष्टी एका हातात कशा धरायच्या ते मला येत नाही. पण तू अर्ज भर. तुला चुकलास म्हणायचा हक्क मला हवा आहे, आणि तो दुसऱ्या कुणावर चालवायची माझी इच्छा नाही. ड्वेनशी मी काय भांडणार?

टपालाने अर्ज आता पोचायचा नाही. संगणकावर तू काही भरणार नाहीस, तो तुझा आणखी एक लढा. म्हणजे चेयेनला जाणंच आलं. कर्टिस जेवून हे पत्र तुझ्याकडे आणून देईल. त्याला तोंडी निरोप दिलेला नाही, त्याने स्वतःहून काही सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

उद्या सकाळी वासरांना दूध पाजून झालं की मी तुझ्या फाटकाशी येऊन थांबते. गाडी तू चालव, मी चालवली की तू उगाच ब्रेकवर पाय दाबत बसतोस. डबा मी घेते. अनुदानाचा विषय मी महामार्ग लागायच्या आधीच काढणार आहे, तेव्हा तयारीने ये. जाताना माझं बोलणं होईल, येताना तुझं. रस्ता लांब आहे, तरी तेवढ्यात उरकेल असं वाटत नाही.

जनेल